ठेचू सशाचा आवाज

त्या काळात शनिवारची संध्याकाळ झाली की रस्त्यावर खेळणारी मुलं आपोआप गायब व्हायची. कुणाला गॅलरीतून हाका माराव्या लागत नसत. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ती पोरं ज्यांच्याकडे होता त्यांच्या दारात चपला काढून आत घुसायची. पडद्यावर एका बुटक्या बाकावर बसलेली चिमणीमावशी म्हणायची, "बसा रे बसा. मागच्याला दिसतंय ना?" आणि मागे बसलेला एखादा खरोखरच "हो" म्हणायचा.

कार्यक्रमाचं नावही तेच होतं, 'बसा रे बसा'. आधी एक गोष्ट, मग गाणी, आणि शेवटी जुनी काळीपांढरी कार्टून. ही कार्टून मुकी होती. सायकलवरचं अस्वल, आगगाडीच्या मागे धावणारी कोंबडी, सगळे आपले तोंड हलवायचे, आवाज काही नाही. तो आवाज चिमणीमावशी द्यायची. पडद्यासमोर उभी राहून ती अस्वलही व्हायची आणि कोंबडीही. पडणं, आपटणं, घसरणं हे सगळं तिच्या बाजूला उभे असलेले अकॉर्डियनवाले काका आपल्या वाद्यातून काढायचे.

त्याआधी ती टेलिफोन ऑफिसात होती. "थांबा, जोडून देते" एवढंच दिवसभर म्हणायचं काम. एकदा वाहिनीतल्या एका निर्मात्याचा फोन जोडताना तिनं त्याला थांबवून ठेवलं. लाईन लागली तरी त्यानं तिलाच बोलत ठेवलं. तो म्हणाला, "बाई, तुमच्या गळ्यात चिमण्या आहेत." नाव तिथून पडलं आणि जन्माचं चिकटलं.

घर एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होतं, दोन खोल्यांचं. नवरा छापखान्यात, नखांत कायमची शाई. आणि एकुलती एक मुलगी, बबी.

बबी बोलताना अडखळायची. शाळेत जायला लागली तेव्हापासून सुरू झालं ते गेलंच नाही. पहिलं अक्षर ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच बसून राहायचं, आतून कुणी दार दाबून धरल्यासारखं. ती डोळे मिटायची, मान जराशी वळवायची. मग एकदम शब्द सुटायचा. पण तेवढी वाट आईनं कधी पाहिलीच नाही. बबी "मला प-प-" म्हणेपर्यंत आई "पाणी हवंय? घे" म्हणून पेला पुढे करायची. तिला वाटायचं, ही मदत आहे. कित्येकदा बबीला पाणी नको असायचं, पेन्सिल हवी असायची. पण पेला हातात आला की ती मुकाट्यानं पाणी प्यायची.

एक दिवस निर्मात्यांनी चिमणीमावशीला खोलीत बोलावून घेतलं. "वरून निरोप आलाय," ते म्हणाले. "मुलं दुसऱ्या वाहिनीकडे चाललीत. त्यांच्याकडे रंगीत कार्टून आहेत. आपल्याकडे तेच अस्वल आणि तीच सायकल. काहीतरी नवं काढा मावशी, नाहीतर गाशा गुंडाळा."

त्या आठवड्यात तिनं जंग जंग पछाडलं. नवी गोष्ट रचली, पण ती बेचव होती हे तिलाही कळत होतं. शनिवारी स्टुडिओत समोर मुलं बसली, दिवे लागले, गोष्ट सुरू झाली. जंगलातल्या सभेत एक ससा उशिरा येतो आणि दारात अडतो. "कोण रे तू?" सिंह विचारतो. आणि चिमणीमावशीच्या तोंडून, तिनं न ठरवता, निघालं, "म-म-मी... मी स-स-स-" तिनं डोळे मिटले, मान जराशी वळवली. "ससा."

मुलं हसली. नेहमीचं शहाणं हसणं नव्हतं ते, पोट धरून हसली. मागच्या रांगेतला एक तर लोळला. कॅमेरावाल्यालाही हसू आवरेना.

तो आवाज कुणाचा आहे, ती मान कुणाची आहे, हे तिला तोंडातून निघता निघताच कळलं होतं. गोष्ट पुढे कुठंही नेता आली असती. सशाला दोन वाक्यांत सभेबाहेर काढता आलं असतं. पण मुलं हसत होती, काचेपलीकडून निर्माते 'झकास' म्हणून अंगठा वर करत होते, आणि तिनं सशाला आणखी बोलू दिलं.

शब्दाशब्दाला ठेच लागते म्हणून त्याचं नाव ठेवलं ठेचू. पुढच्या शनिवारी ठेचू पुन्हा आला. मग दर शनिवारी यायला लागला. त्याचं गाणं झालं, अकॉर्डियनवाले काकांनी चाल लावली, तीही अडखळणारी. दोन सूर पुढे, एक मागे. महिन्याभरात गल्लीबोळात पोरं ठेचूसारखी बोलायला लागली. निर्मात्यांचा चेहरा उजळला. गाशा गुंडाळायची भाषा बंद झाली.

बबी कार्यक्रम नेहमीसारखाच बघायची. हसायची नाही, एवढंच. आईनं त्याकडे काणाडोळा केला. थकली असेल, पोट दुखत असेल.

एका सकाळी वेणी घालताना समोरच्या आरशात बघून बबीनं विचारलं, "आई, तो स-ससा म-मी आहे का?"

आईचे हात थांबले नाहीत. उलट जरा जोरातच चालले. "छे गं. तो ससा आहे. तू कशी असशील? काहीतरीच विचारतेस."

बबीनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. रिबीन बांधून झाली. शाळेत त्या दिवसांत तिला कुणी बबी म्हणतच नव्हतं. ठेचू आली, ठेचूचा डबा, ठेचूची पाळी. हे घरी कळलं ते तिच्या बापाकडून. तो तिला आणायला गेला होता, तेव्हा फाटकात त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"पोरीला नको ते भोगायला लागतंय," तो त्या संध्याकाळी बायकोला म्हणाला. "ते ससेबिसे पुरे कर."

"आणि कार्यक्रम बंद पडला तर? अकॉर्डियनवाल्या काकांच्या घरी खाणारी तोंडं किती आहेत ठाऊक आहे?"

"काकांचं नाव कशाला पुढे करतेस?"

काकांच्या पोटाची काळजी तिला होती, अगदीच नव्हती असं नाही. पण रस्त्यानं जाताना अनोळखी मुलं धावत येऊन तिच्या पदराला लोंबकळत होती, दुकानदार रांग मोडून आधी तिला माल देत होते, आणि हे सगळं हातचं सोडवत नव्हतं. हे ती मनातल्या मनातही पुरतं म्हणायची नाही. अर्ध्यावर सोडून दुसऱ्या कामाला लागायची.

तरी आत काहीतरी कुरतडत होतं. शेवटी तिला एक तोड सुचली, आणि ती इतकी सोयीची होती की तिचा जीव भांड्यात पडला. ठेचूला बरं करायचं. मग कुणी बबीला चिडवणार नाही, आणि गोष्टही गोड होईल. तिनं मन लावून तो भाग लिहिला. कोल्हा येतोय, सगळे झोपलेत, एकटा ठेचू जागा आहे. त्याला ओरडायचंय पण शब्द फुटत नाही. मग तो उंच कड्यावर चढतो, खाली बघतो, भीतीनं त्याचा थरकाप होतो, आणि त्या भीतीनं जिभेची गाठ सुटते. "पळा, कोल्हा आला!" एकही ठेच नाही. समोरच्या मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काकांनी गाण्याची चाल सरळ करून वाजवली. निर्मात्यांनी डोळे पुसले.

सोमवारी शाळेत बाईंनी बबीला जवळ घेतलं आणि प्रेमानं म्हणाल्या, "बघ, ठेचूलासुद्धा जमलं. मनावर घेतलं की होतं सगळं."

मंगळवारी दुपारी चिमणीमावशी घरात भाजी निवडत होती. वरच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत दारात आल्या. त्यांच्या एका हातात ओले कपडे होते आणि दुसऱ्या हातात बबीचं मनगट, घट्ट धरलेलं.

"गच्चीच्या कठड्यावर उभी होती," काकू म्हणाल्या. "कठड्यावर. मी कपडे वाळत घालायला गेले म्हणून, नाहीतर... फ्रॉकला धरून खाली ओढली मी."

बबी रडत नव्हती. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं. आईनं तिला पोटाशी धरलं, मग दूर धरून हलवलं, मग पुन्हा जवळ घेतलं. "कशाला गेलीस? कशाला गेलीस तिथं?"

बबीनं डोळे मिटले. मान वळवली. "खा-खाली ब-ब-"

"खाली बघायला? का?"

"भी-भीती वा-वाटली," बबी म्हणाली. "प-पण त-तरी ना-ना-नाही झालं."

काकूंना त्यातलं काही समजलं नाही. त्या पाणी आणायला आत गेल्या. चिमणीमावशी खाली जमिनीवर बसली. भाजीचे देठ तिच्या हातातच राहिले.

त्या शनिवारी तिनं निर्मात्यांना सांगितलं, ठेचू आता येणार नाही. का, ते सांगितलं नाही. त्यांनी समजावलं, आवाज चढवला, हात जोडले. ती फक्त मान हलवत राहिली. ठेचू गेला तशी मुलंही हळूहळू गेली. काही महिन्यांत कार्यक्रम बंद झाला. शेवटच्या दिवशी अकॉर्डियनवाले काका वाद्याचा पट्टा आवळत तिला म्हणाले, "मोठी झालीस मावशी. आम्हाला एका शब्दानं विचारलंसुद्धा नाहीस." तिनं ते ऐकून घेतलं. खरं कारण सांगायचं तर बबीची गोष्ट सांगावी लागली असती, आणि त्या पोरीची आणखी एक गोष्ट करायची तिची हिंमत नव्हती. काका पुढे लग्नांतून वाजवायला लागले, मग बोटं दुखतात म्हणून तेही सुटलं. ते गेल्याचं तिला उशिरा कळलं. त्यांचाही भार तिनं आपल्याच खाती धरला.

ती पुन्हा टेलिफोन ऑफिसात गेली. बबी मोठी झाली. अडखळणं कमी झालं, गेलं नाही. आई तिच्याशी आता जपून वागायची, नको इतकं जपून. तिच्या आवडीचं रांधायचं, तिच्या मनाविरुद्ध बोलायचं नाही, ती बोलायला लागली की घाईघाईनं तिचं वाक्य पुरं करून द्यायचं. दोघींत भांडण असं कधी झालंच नाही. माफी मागायची हे आईच्या मनात किती वेळा आलं असेल. पण माफी मागायची म्हणजे आधी ती वेणी घालतानाची सकाळ उकरायची. बबी ते विसरली असेल तर? उगाच कशाला खपली काढा? अशानं वर्षं गेली. नवरा गेला. बबी दातांच्या कवळ्या बनवायला शिकली.

बारीक, निगुतीचं काम. एका दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यामागे तिची छोटी खोली होती. खिडकीत बोर्डावर साचे मांडलेले, पांढऱ्या जबड्यांची रांगच्या रांग, प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं आडनाव. लोकांची तोंडं तिच्या हातात असायची आणि त्यांच्याशी बोलायची वेळ फारशी यायची नाही. ते तिला आवडायचं.

वय झालं तसे चिमणीमावशीचे दात हलायला लागले आणि एकेक करून गेले. कवळी दुसऱ्या कुणाकडे करणार? एका दुपारी ती लेकीच्या दवाखान्यात खुर्चीत आडवी झाली. डॉक्टरीण बाईंनी लगदा भरलेला साचा तिच्या तोंडात दाबून बसवला. "हलायचं नाही आजी. बोलायचंही नाही, घट्ट होईपर्यंत." बाहेर कुणी दुसरा पेशंट कण्हत होता. "बबी, तू जरा धरून बस," असं म्हणून बाई बाहेर गेल्या.

बबीनं दोन बोटांनी साचा धरला. आईचं तोंड उघडं, जीभ दाबलेली, डोळे छताकडे. लगद्याला पुदिन्यासारखा वास होता.

"त-तुला आठवतं," बबी म्हणाली, "तू माझी वे-वेणी घालत होतीस."

आईच्या घशातून काहीतरी निघालं.

"ब-बोलू नकोस. सा-साचा बिघडेल." शब्द ओठांवर अडला. आईला सवयीनं तो पुढून ओढायचा होता, पण तोंडात लगदा होता. शब्द आपल्या चालीनं आला. "स-सशाचं मला एवढं वा-वाईट नव्हतं वाटलं. प-पहिल्यांदा तर ब-बरं वाटलं होतं. म्हटलं, टी-टीव्हीवर मी आहे. म-म्हणून तर मी विचारलं. तू हो म्हणशील म्हणून. तू हो म्हणाली असतीस तर मी शा-शाळेत सांगणार होते. हो, तो स-ससा मीच आहे."

आईच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसायला हात उचलावा तर बबीनं मान हलवून नको म्हटलं.

"तू छे म्हणालीस. इ-इतकी पटकन. तेव्हा क-कळलं, हे लपवायचं असतं. ते वा-वाईट असतं." बबीनं साच्याची कड नखानं दाबून पाहिली. घट्ट झाली होती का ते. "ब-बास. एवढंच. खू-खूप वर्षं म्हणायचं होतं. तू म-मध्ये बोलतेस."

बाई आत आल्या. साचा निघाला. चिमणीमावशीनं चूळ भरली, पुन्हा भरली. बोळक्या तोंडानं तिला पहिलाच शब्द नीट काढता येईना. "तू होतीफ," ती म्हणाली. "तूच होतीफ बबी."

"म-माहीत आहे," बबी म्हणाली. तिनं साचा पाण्यातून धुतला आणि त्यावर आडनाव घातलं. "गु-गुरुवारी ये. मेणाचे दात लावून बघू."

मिठी नाही, काही नाही. घरी परत जाताना चिमणीमावशीची बस चुकली आणि पुढची आली तरी ती थांब्यावरच बसून राहिली. इतकी वर्षं तिनं गुन्हा भलताच धरून ठेवला होता. सशाला आणलं, कड्यावर चढवलं, काकांचं काम घालवलं, हे सगळं तिनं रोज मोजलं होतं. आणि ते 'छे गं'? ते तिनं कधी मोजलंच नव्हतं. ते तिला तेव्हा मायेनं म्हटल्यासारखं वाटलं होतं.

कवळी छान बसली, पण बोलताना शिटी वाजायची. 'स' म्हटलं की वाऱ्यासारखी फुर्र. दूधवाला तोंड फिरवून हसला ते तिनं पाहिलं. बबी दर आठवड्याला कवळी थोडी घासायची आणि तिला मोठ्यानं वाचायला लावायची. औषधाच्या डब्यावरचं, कॅलेंडरवरचं, जे हाताशी येईल ते. "घा-घाई करू नकोस," म्हणायची. आई घाई करत नव्हती. आणि बबीचं वाक्य अडलं की आता ती हातातल्या कपाकडे बघत बसायची, तोंड मिटून. सोपं नव्हतं. शब्द तिला आधीच कळलेला असायचा, जिभेवर आलेला असायचा, आणि तो गिळायला लागायचा. कधीकधी निसटायचाही. मग बबी थांबून तिच्याकडे पाही आणि सगळं वाक्य पहिल्यापासून म्हणे.

एकदा दोघी चपला घ्यायला बाजारात गेल्या होत्या. वाटेतल्या एका दुकानातून एक टक्कल पडलेला गृहस्थ बाहेर आला, चिमणीमावशीला बघून थबकला. चेहरा लहान मुलासारखा खुलला. "मावशी ना तुम्ही? बसा रे बसा?" आणि त्यानं तिथंच, रस्त्यात, डोळे मिटले, मान वळवली. "म-म-मी स-स-ससा. एकदा करून दाखवा ना. माझी मुलं विश्वासच ठेवत नाहीत."

चिमणीमावशीनं बबीकडे पाहिलं.

"त्यां-त्यांचे दात न-नवीन आहेत," बबी शांतपणे त्याला म्हणाली. "अजून ब-ब-बसायचे आहेत."

तो गृहस्थ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला उमगलं आणि त्याचे कान लाल झाले. "माफ करा हं," तो पुटपुटला. कुणाची माफी मागतोय ते त्यालाही कळत नसावं. पिशवी छातीशी धरून तो गर्दीत शिरला.

दोघी थोडं अंतर चालल्या. रस्त्यात कुणीतरी खुर्च्या रंगवायला काढल्या होत्या, त्यांना वळसा घालून जावं लागलं.

"मी काही बोलायला हवं होतं का गं?" आईनं विचारलं. 'स' नव्हता वाक्यात, शिटी वाजली नाही.

"आ-आत्ता नाही," बबी म्हणाली.

आईनं मान हलवली. त्या दोन शब्दांत वेणीच्या त्या सकाळचं जे होतं ते तिला पुरेपूर कळलं, आणि बबीनंही ते पुसलं नाही, की वर मलम लावलं नाही. तिनं आईचा दंड धरला कारण पुढे पायरी होती. चपलांच्या दुकानात गर्दी होती. दोघी बाकावर बसल्या आणि आपल्या पाळीची वाट बघायला लागल्या.